पाकोळ्या

"सदा, यंदा पाकोळ्या ओरडत का नाहीत रे?"

मास्तरांनी हे विचारलं तेव्हा आम्ही हॉटेलच्या पोर्चमध्ये उभे होतो. माझ्या खांद्याला डबल बास, व्हायोलिनसारखाच पण माणसाएवढा, टेकलेला, त्यांच्या हातात चहाचा कप. आणि आमच्या डोक्यावर, छताला चिकटलेल्या मातीच्या घरट्यांभोवती, त्या काळ्या चिमुकल्या पाखरांनी असा काही कल्लोळ मांडला होता की हॉटेलचा दरवान त्यांना शिव्या घालत होता.

मला वाटलं, थट्टा करताहेत. चेहरा गंभीर ठेवून थट्टा करायची त्यांची सवय होती. मी म्हटलं, "मौन धरलं असेल."

ते हसले नाहीत. मान वर करून बघत राहिले. "उडताहेत तर भरपूर," ते म्हणाले. "चोचीपण उघडताहेत. पण गप आहेत."

माझं हसू जागच्या जागी थांबलं. त्यांनी कप खाली ठेवला, पुन्हा एकदा वर पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्यांना कळलं.

"ओरडताहेत होय?" ते म्हणाले. "बरं. चल, लोक आलेत."

ही गोष्ट एकोणीसशे एकोणसत्तर सालची, पुण्याच्या कॅम्पातली. तिथल्या एका हॉटेलात दर रविवारी सकाळी आम्ही तिघं जॅझ वाजवत असू. ड्रमवर कॅजी मिनेझिस, बासवर मी सदाशिव मुतगेकर, आणि पियानोवर एलिया वाघचौरे. सगळे त्यांना मास्तर म्हणत, कारण आठवड्याचे बाकीचे दिवस ते मिशनच्या शाळेत गणित शिकवत. मी बेळगावचा. वडील पलटणीच्या बँडमध्ये होते आणि मला बास मिळाला तो माझ्या उंचीमुळे, अकलेमुळे नव्हे, असं ते शेवटपर्यंत म्हणत.

मास्तर नगरजवळच्या भिंगारचे. लहानपणी चर्चमध्ये पायपेटीवर मराठी भक्तिगीतं वाजवायचे. लढाईच्या काळात छावणीतल्या एका गोऱ्या सोल्जराने जाताना आपल्या जॅझच्या तबकड्या पाद्र्याकडे टाकल्या, पाद्र्याने त्या नको म्हणून मास्तरांच्या वडिलांकडे दिल्या, आणि घरात ग्रामोफोन नव्हता म्हणून पोरगा त्या घेऊन गावातल्या एका पारशी दुकानदाराच्या दारात जाऊन बसायचा. एवढंच त्यांचं जॅझचं शिक्षण. बाकी सगळं त्यांनी स्वतःच्या मनाने केलं.

त्यांच्या वाजवण्याबद्दल मला पुष्कळदा विचारतात आणि मी दरवेळी अडखळतो. पियानो हे ठोकायचं वाद्य आहे, हे ते मुळी मान्यच करत नसत. त्यांचं बोट पट्टीवर पडायचं नाही, टेकायचं. एखादी साधी चाल घ्यायचे, अगदी पोराला झोपवायची असते तशी, आणि तिच्याखाली डाव्या हाताने चर्चमधले ते भरलेले स्वर असे हळू सरकवायचे की तीच चाल दुसऱ्यांदा आली की ओळखू येत नसे. वेगाने बोटं पळवणारे पियानोवाले त्या वेळी मुंबईत ढिगाने होते. मास्तर एक सूर वाजवून थांबायचे आणि तो पुरता विरेपर्यंत दुसऱ्याला हात लावायचे नाहीत. कॅजीला काठ्या बाजूला ठेवून तारांचे मऊ ब्रश फिरवावे लागत, म्हणून तो कुरकुर करायचा. "मास्तर, तुमच्यासोबत ब्रश फिरवून फिरवून माजी ड्रमवरची काठी गंजली बगा." पण दुसरीकडे दुप्पट पैसे मिळत असताना तो रविवारी इकडेच यायचा.

त्यांनी स्वतः बांधलेली एकच धून होती. तिचं नाव 'पाकोळ्या'. भिंगारच्या चर्चच्या मनोऱ्यात पाकोळ्यांची घरटी होती. सकाळची घंटा झाली की सगळ्या एकदम बाहेर पडायच्या आणि ओरडत वर, आणखी वर, ठिपक्यासारख्या होईपर्यंत चढायच्या. धून अगदी संथ होती, जवळजवळ प्रार्थनेसारखी. शेवटी मात्र उजवा हात एकदम सुटायचा आणि पियानोच्या पार उजव्या टोकापर्यंत किलबिलत जायचा. तो शेवट दरवेळी वेगळा असे. "पाखरं काय रोज एकाच वाटेनं उडतात?" ते म्हणायचे. म्हणून त्यांनी तो कधी लिहून ठेवला नाही, आणि तालमीत तर कधीच वाजवला नाही. "शेवट शिळा करायचा नसतो." तालमीत शेवट आला की ते हात उचलायचे आणि म्हणायचे, "हितनं पुढं उडायचं."

पोर्चमधल्या त्या रविवारनंतर ते मला घेऊन कानाच्या डॉक्टरकडे गेले. बायकोला, मार्थावहिनींना, नेलं नाही. डॉक्टरने निरनिराळ्या सुरांचे धातूचे काटे कानाशी वाजवून पाहिले आणि शांतपणे सांगितलं की वरचे आवाज आधी जातात, मग खालचे.

"किती खालपर्यंत?" मास्तरांनी विचारलं.

"ते सांगता येत नाही."

"आणि औषध?"

डॉक्टरने चष्मा काढून पुसला. मला वाटतं, तो सज्जन माणूस होता.

जिन्यावरून उतरताना मास्तर मधल्या पायरीवर थांबले. "म्हणजे वरून खाली जाणार," ते म्हणाले. "सगळ्यात शेवटी तू उरशील, सदा. तुझा तो ढब्बू बास." आणि हसले. मला हसता येईना. मग त्यांनी माझा दंड धरला. "हे बघ. घरी बोलायचं नाही, कॅजीला सांगायचं नाही. हॉटेलच्या शेटला कळलं तर उद्या दुसरा पियानोवाला आणील. मला फक्त एक पाहिजे. 'पाकोळ्या' एकदा पुरी रेकॉर्ड झाली पाहिजे. शेवटासकट. वरचं सगळं जायच्या आत. मग जाऊ दे काय जायचं ते."

मुंबईच्या एका कंपनीने रेकॉर्ड काढायचं कबूल केलं होतं. पण तिचं आज-उद्या, आज-उद्या चाललं होतं. उन्हाळा गेला, पाऊस गेला. मी दर आठवड्याला कंपनीला फोन करायचो आणि दर आठवड्याला पलीकडची बाई तेच उत्तर द्यायची. इकडे मास्तरांचं काय चाललंय ते मला दिसत होतं. 'पाकोळ्या'चा शेवट आला की पूर्वी ते डोळे मिटायचे. आता डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघायला लागले. वरचा सूर नीट लागला की नाही, हे ते माझ्या चेहऱ्यावर वाचायचे. सूर सुरेख लागला की माझा चेहरा आपोआप उजळायचा म्हणे, आणि मग ते मान हलवायचे. हे मला कळलं तेव्हापासून मला वाजवताना तोंड कसं ठेवावं ते समजेना. लोकांना वाटायचं, काय सुरेख समजूत आहे या दोघांची. मला रडू यायचं.

अखेर नोव्हेंबरात रेकॉर्डिंग ठरलं. कंपनीचे रेकॉर्डिस्ट रेगे मशीन गाडीत घालून पुण्याला आले. बुधवारी सकाळी हॉटेलचा हॉल आम्हाला मिळाला होता. आदल्या दिवशी मुंबईचा ट्यूनर येऊन पियानो लावून गेला. सकाळी मास्तर आमच्या आधी पोचले होते. आम्ही गेलो तेव्हा ते पियानोशी बसलेले, अंगात लग्नातला काळा कोट.

"पियानो कसा आहे?" मी विचारलं.

"फस्क्लास. सगळा वाजवून पाहिला, डावीपासून उजवीपर्यंत."

रेग्यांनी हॉललगतच्या काचेच्या खोलीत मशीन मांडलं, खिडक्या लावल्या, पडदे सोडले, वरचे झरोके मात्र उंच होते, ते तसेच राहिले. आधी दोन इंग्रजी चाली झाल्या. त्या बऱ्या झाल्या, त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मग रेग्यांनी हात वर केला आणि मास्तरांनी 'पाकोळ्या' सुरू केली.

तशी ती मी त्याआधी ऐकली नव्हती आणि त्यानंतर ऐकली नाही. मला माझ्या हातांचं भान नव्हतं. कॅजीने ब्रश जवळजवळ थांबवलेच होते. मास्तरांनी चाल इतकी हळू घेतली की मला भीती वाटली, ही आता मोडणार. ती मोडली नाही. दुसऱ्या फेरीला डाव्या हाताखालून एक स्वर त्यांनी असा सरकवला की काचेपलीकडे बसलेल्या रेग्यांनी मशीनवरचा हात काढून घेतला. मी मनात म्हटलं, झालं, मिळालं, आता काय जायचं ते जाऊ दे. आणि शेवट आला. मास्तरांचा उजवा हात सुटला. त्यांनी डोळे मिटले होते. त्या दिवशी त्यांना माझ्या चेहऱ्याची गरज वाटली नव्हती. हात वर गेला, आणखी वर गेला, आणि तिथे टोकाला पियानोतून सूर आलेच नाहीत. नुसतं लाकूड वाजलं. ठक, ठक, ठक. बंद दारावर कुणी नखाने वाजवावं तसं.

मास्तर वाजवत राहिले. चेहरा फुललेला. शेवटची ठक झाल्यावर त्यांनी हात अलगद उचलला आणि विरून जाणारा सूर ऐकत असल्यासारखे बसून राहिले.

मग डोळे उघडले. "कसं झालं?"

कॅजीने माझ्याकडे पाहिलं. मी मास्तरांकडे पाहिलंच नाही, कारण माझ्या तोंडावर काय होतं ते मला माहीत होतं.

रेगे आतून आले. त्यांना बिचाऱ्यांना काहीच ठाऊक नव्हतं. "मास्तर, फार वर्षांत असं काही रेकॉर्ड केलं नाही मी. पण शेवटचे सूर आले नाहीत."

"तुमच्या मशीनमध्ये आले नसतील."

"मशीनचा प्रश्न नाही हो. पियानोच वाजला नाही. नुसती ठकठक येतेय."

कॅजी उठला आणि त्याने पियानोचं झाकण उचललं. उजव्या टोकाच्या तारांमध्ये जाड लाल लोकरी पट्टी घट्ट कोंबलेली होती. सूर लावताना आजूबाजूच्या तारा गप्प राहाव्यात म्हणून ट्यूनर ती घालतात, आणि काम झालं की काढतात. हा काढायला विसरला होता.

"हा बग गाढव!" कॅजीने पट्टी खेचून काढली आणि वर धरली. "मास्तर, तुमी तर सकाळी सगळा वाजवून बगितला ना? डावीकडून ते..."

तो मध्येच थांबला. पट्टी त्याच्या हातातच राहिली. इतकी वर्षं त्याला कधी बोलताना मध्ये थांबलेलं मी पाहिलं नव्हतं.

"बघितला की," मास्तर म्हणाले. "मला आज जसा वाटला तसाच रोज वाटतो."

मास्तरांनी हात पुढे करून पियानोची सगळ्यात उजवीकडची पट्टी दाबली. आता ती स्वच्छ, बारीक वाजली. ते माझ्याकडे वळले.

"वाजली?"

मी मान हलवली.

त्यांनी पुन्हा दाबली, कान पियानोला जवळजवळ टेकवून. पुन्हा दाबली. मग ताठ बसले आणि कोटाच्या बाह्या नीट केल्या.

रेग्यांना आता समजलं होतं. ते हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, मघाचा टेक अप्रतिम आहे. नुसता शेवट वेगळा वाजवा, मी जोडून देतो. कळणारसुद्धा नाही कुणाला."

"तो शेवट मघाचा होता. आता तो कुठून आणू?"

"मास्तर," मी म्हटलं, "बोटांना माहीत आहे सगळं. मी समोर उभा राहतो. तुम्ही माझ्याकडे बघून वाजवा. नेहमीसारखं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"सदा, इतके दिवस मला वाटत होतं, थोडं येतंय ऐकू. बारीक, लांबून, पण येतंय. तू तोंड उजळवायचास ना, तेव्हा तर अगदी स्पष्ट यायचं. आज कळलं, मी आठवणीतलं ऐकत होतो. लाकडावर बोटं आपटत होतो आणि मला पाखरं ऐकू येत होती." ते रेग्यांकडे वळले. "जे मला ऐकू येत नाही ते मी वाजवलं असं कसं म्हणू? रेगेसाहेब, सगळी पुन्हा घेऊ. पहिल्यापासून."

मी त्यांना विनवलं. कॅजीनेही विनवलं, आधी मराठीत, मग कोंकणीत, आणि त्याला कोंकणीतच जास्त जोर येत असे. इतके महिने याच एका गोष्टीसाठी थांबलो होतो. ती हातात आली होती, आणि एका विसराळू ट्यूनरच्या पट्टीने गेली. मला त्या ट्यूनरचा राग आला, डॉक्टरचा आला, देवाचाही आला, आणि त्यातल्या कुणालाच मी काही करू शकत नव्हतो. मी बास उचलला. दुसरं काय करणार होतो?

दुसऱ्या खेपेला त्यांनी धून साधीच वाजवली, काहीही न सजवता. शेवट जवळ आला. मला वाटत होतं, अजूनही हात सुटेल. म्हणून मी नेहमीप्रमाणे माझा खालचा सूर लावला. आणि त्यांनी हात उचलला आणि मांडीवर ठेवला.

माझा तो सूर एकटाच हॉलमध्ये उभा राहिला, चुकून स्टेजवर आलेल्या माणसासारखा. मी भांबावून थांबलो. कॅजीचे ब्रशही थांबले. मास्तर मांडीवरच्या हाताकडे बघत होते. त्या शांततेत वरच्या झरोक्यातून पोर्चमधल्या पाकोळ्यांचा आवाज आत आला. जोरात नव्हे, पण अगदी स्पष्ट. बाहेर कुणी काहीतरी आपटलं असेल, सगळ्या एकदम उठल्या असाव्यात. ओरडत वर वर गेल्या आणि आवाज बारीक होत होत संपला. मग मास्तरांनी डाव्या हाताने शेवटचे दोन स्वर हळूच ठेवले.

रेगे बाहेर आले. काही झालं तरी ते आपलं काम सोडणारे नव्हते. "मास्तर, एक घोटाळा झालाय. मधल्या जागेत बाहेरची पाखरं टेपवर आलीत. आणखी एकदा घ्यावं लागेल."

"कसली पाखरं?" मास्तरांनी विचारलं.

कॅजीने वरच्या झरोक्याकडे बोट केलं.

"पाकोळ्या, मास्तर," मी म्हटलं.

"ओरडल्या?"

"हो."

"नेमक्या तिथं?"

"नेमक्या तिथंच."

त्यांनी वर झरोक्याकडे पाहिलं. तिथे नुसतं ऊन होतं. मग त्यांनी पियानोचं झाकण लावलं.

"मग राहू द्या," ते म्हणाले. "त्यांचं त्यांनी वाजवलंय. मला ऐकू आलं नाही तरी लोकांना येईल."

त्यानंतर ते तीन-चार वर्षं वाजवत होते. त्यांचा उजवा हात महिन्या-महिन्याने डावीकडे सरकत आला, माझ्या हद्दीत शिरला, आणि मी खालचे सूर सोडून देऊन वर चढत गेलो, त्यांना जागा व्हावी म्हणून. मार्थावहिनींना सांगायची वेळच आली नाही. कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम घरात मास्तरांकडे होतं, आणि त्यांचा भात कधीपासून करपत होता. वहिनींनी ते काम गुपचूप स्वतःकडे घेतलं होतं. शेवटच्या वर्षी मी घरी जाऊन त्यांच्या खाटेशी बास वाजवायचो. ते बासच्या लाकडावर तळहात ठेवून पडून राहायचे.

रेकॉर्ड फारशी खपली नाही. पण जिथे पोचायची तिथे पोचली. मुंबईचे वादक ती एकमेकांकडून मागून नेत. पुढे सिनेमाच्या गाण्यांत पियानो ऐन भरात येऊन मध्येच हात उचलून थांबायला लागला आणि मी रेडिओपाशी बसून म्हणायचो, हा आपल्या मास्तरांचा. कुणी त्याला 'वाघचौरे थांबा' म्हणायला लागलं. आता तर शिकवतात तो. पोरं शेवटाआधी मांडीवर हात ठेवून डोळे मिटतात. एका विद्वानाने त्या मोकळ्या जागेवर मोठा लेख लिहिला, आणि माझ्या एकट्या सुरावर त्यात अख्खं पान होतं. माझ्या त्या भांबावण्याला त्याने धाडस म्हटलं होतं. कॅजी असता तर लोळून लोळून हसला असता. पण कॅजीही गेला, रेगेही गेले. त्या हॉलमधला मी एकटाच उरलो.

मागच्या महिन्यात केतकी दाभाडे आली. पियानो वाजवते, तिशीतली आहे, आणि आजच्या सगळ्यांत तिलाच मास्तर थोडे कळलेत असं माझं मत आहे. कारण ती थांबते ते डोळे उघडे ठेवून. बऱ्याच वेळाने मला दार हलल्याचं जाणवलं. उघडलं तर ती दोन्ही मुठींनी दार बडवत होती.

"आजोबा, किती वेळ बेल वाजवतेय मी!"

"बिघडलीय ती," मी म्हटलं. आमच्या दाराची बेल चिमण्यांच्या आवाजाची आहे. मुलीने हौसेने बसवली होती. वर्षभर झालं तिला बिघडून. दुरुस्त करायची राहूनच जाते.

केतकी समोर बसली. तिने लहानसा स्पीकर काढून टेबलावर ठेवला. "कंपनी मास्तरांची रेकॉर्ड पुन्हा काढतेय. जुन्या टेपवरून. मला देखरेखीला घेतलंय. फक्त एक वाद आहे. त्यांच्या माणसाने टेप स्वच्छ केलीय आणि मधल्या जागेतला सगळा बाहेरचा आवाज पुसून टाकलाय. तो म्हणतो, शांतता म्हणजे शांतता हवी, मास्तरांची ती खासियत आहे. मी म्हटलं, त्या दिवशी तिथे असलेला एक माणूस आहे, तो सांगेल."

"मग मी सांगतो ना. पाकोळ्या..."

"थांबा, थांबा. आधी ऐका. एकात आहेत, एकात नाहीत. कुठली कशी ते मी सांगणार नाही. ऐकल्यावर कुठली खरी वाटते ते सांगा. मला तुमचा कान हवाय, आजोबा. उद्या त्यांना प्रत पाठवायचीय. एकदा छापली की हीच राहणार सगळीकडे."

तिने पहिली लावली. मास्तर आले. इतक्या वर्षांनी ते माझ्या खोलीत येऊन बसले. ती चाल, डाव्या हाताचे ते स्वर, कॅजीचे ब्रश, तेही थोडे पुसट. माझा एकटा सूर उभा राहिला आणि थांबला. त्यानंतर शांतता. मग शेवटचे दोन स्वर.

"आता दुसरी," केतकी म्हणाली.

पुन्हा चाल आली. पुन्हा माझा सूर, पुन्हा तो थांबला. मी खुर्चीत पुढे वाकलो, श्वास धरला. शांतता. तीच. पहिलीसारखीच, काडीचाही फरक नसलेली. मला आठवत होतं त्या कुठे उठल्या, किती वर गेल्या, कुठे विरल्या. मी त्या ऐकायला बघत होतो आणि समोर नुसता एक काळा स्पीकर होता. मला पोर्चमधले मास्तर दिसले, मान वर केलेले. चोचीपण उघडताहेत. पण गप आहेत.

मग मी केतकीकडे पाहिलं. तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. तिची मान आपोआप वर झाली होती आणि डोळे छताकडे गेले होते, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, जणू काही तिथून जात होतं. तोंड उजळलं होतं.

शेवटचे दोन स्वर झाले. तिने स्पीकर बंद केला आणि वाट बघत बसली.

"ही," मी म्हटलं. "दुसरी. हीच ठेवा. दुसरं काही करू नका."

"मला माहीत होतं!" तिने माझे दोन्ही हात धरले. डोळ्यांत पाणी आलं होतं तिच्या. "कान कसा अजून तसाच आहे तुमचा."

मी मान हलवली आणि तिच्यासाठी चहा टाकायला आत गेलो.